हजेरीपटावरची माणसं आणि पॉलिसीतली माणसं: मुळशी-मावळातल्या रिसॉर्टमालकांना खुलं पत्र

मुळशी, पवना आणि लोणावळा पट्ट्यात रिसॉर्ट, व्हिला आणि कॅम्पिंग चालवणाऱ्या मालक मंडळींना,

स. न. वि. वि.

पत्रास कारण, गेल्या महिन्यात तुमच्यापैकी वीस-बावीस जण पौड रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये जमला होतात. पावसाळी हंगामाची तयारी, कचऱ्याची गाडी, रस्त्यावरचे खड्डे, रात्रीच्या डीजेबद्दल गावकऱ्यांच्या तक्रारी, असे विषय झाले. चहा आल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत आणखी एक विषय निकालात निघाला. कामगारांच्या अपघात विम्याचं काय ते कंत्राटदार बघेल, मालकांनी त्यात पडायचं नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी तो निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. तुमच्यातल्याच एकाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'भाऊ, यंदा आमची डब्ल्यूसी रिन्यू करू नका.' डब्ल्यूसी म्हणजे कामगारांच्या अपघात भरपाईची पॉलिसी.

मी पौडचा. अठरा वर्षं विम्याचं काम करतो. चांदणी चौकातून ताम्हिणीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्या कमानी दिसतात, त्यातल्या बऱ्याच कमानींच्या आत मी फॉर्म भरायला बसलेलो आहे. तुमच्या आगीच्या पॉलिसी, काचेच्या पॉलिसी, पाहुण्याला काही झालं तर नुकसानभरपाई देणाऱ्या पॉलिसी मी काढल्या. झिपलाइनवरून घसरणाऱ्या पाहुण्याचा विमा तुम्ही न कुरकुरता काढता, कारण पाहुणा वकील घेऊन येतो आणि गुगलवर रिव्ह्यू टाकतो. झिपलाइनची दोरी रोज सकाळी तपासणाऱ्या पोराचा विषय निघाला की मात्र मला विचारलं जातं, 'किती माणसं दाखवली तर किमान चालेल?'

आणि मी सांगायचो. हे आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळा.

२०२४ च्या जुलैमध्ये माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा तुमच्यातल्या एका रिसॉर्टच्या लॉन्ड्रीत कामाला होता. प्रकरण भरपाई आयुक्तांसमोर आहे, म्हणून नाव घेत नाही. वय तेवीस पूर्ण, पगार महिना चौदा हजार. शनिवारी सकाळी चेकआउट झाल्यावर साठ-सत्तर चादरींचा ढीग येतो आणि दुपारी दोनच्या चेकइनच्या आत खोल्या लावायच्या असतात. कपडे पिळायच्या मशीनला, ज्याला लॉन्ड्रीवाले हायड्रो म्हणतात, झाकणाचा लॉक असतो. झाकण उघडलं की ड्रम थांबला पाहिजे आणि ड्रम थांबल्याशिवाय झाकण उघडता कामा नये. तो लॉक बिघडलेला होता. दोन आठवडे आधी त्याने सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून कळवलं होतं. उत्तर आलं होतं, 'सोमवारी माणूस येईल.' दोन सोमवार होऊन गेले. तिसऱ्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी फिरत्या ड्रममधली चादर त्याच्या हाताला गुंडाळली गेली आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. मोटरसायकलचा पुढचा ब्रेक ज्या दोन बोटांनी दाबतात, तीच दोन.

त्याला पुण्याला हलवलं. रात्री अकराच्या सुमाराला मी वॉर्डात पोचलो तेव्हा तो जागाच होता. मला म्हणाला, 'मामा, तिथली पॉलिसी तुम्हीच काढलेली ना? मग आता मिळेल ना?'

पॉलिसी मीच काढली होती. माणसं अकरा, पगार प्रत्येकी आठ हजार. त्या रिसॉर्टवर त्या दिवशी किमान चाळीस जण कामावर होते. माझा भाचा त्या अकरांत नव्हता, कारण लॉन्ड्री एका एजन्सीला दिलेली होती. एजन्सीकडे पॉलिसी होती, पण ती पिंपरीतल्या दुसऱ्याच साइटची. रिसॉर्टच्या पॉलिसीच्या प्रस्तावावरची अक्षरं माझी आहेत. तुम्ही सांगितलं, मी लिहिलं, तुम्ही सही केली.

आता तुमच्या निर्णयाकडे येतो.

पहिलं, कंत्राटदाराचा आडोसा. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची चौकट नव्या संहितेत आली आहे, ते पुढे येईलच) हा मुळातच मालकावर जबाबदारी टाकणारा कायदा. त्याचं बारावं कलम सांगतं की मालकाच्या धंद्याचाच भाग असलेलं काम कंत्राटदारामार्फत करून घेतलं आणि मालकाच्या ताब्यातल्या जागेत अपघात झाला, तर भरपाई मालकाकडून मागता येते. मालकाने ती भरावी आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावी. रिसॉर्टमध्ये चादर धुणं, खोली झाडणं, स्वयंपाक करणं, गेटवर उभं राहणं हा तुमचा धंदा नाही तर कोणाचा? तेव्हा हॉलमध्ये हात वर करून झालेल्या ठरावाने एवढंच झालं की तुम्ही विमा सोडलात. जबाबदारी जिथे होती तिथेच आहे. फरक इतकाच, की उद्या पैसे विमा कंपनीऐवजी तुमच्या खिशातून जातील.

ते पैसे किती, हेही एकदा मांडतो, कारण तुमच्यातल्या अनेकांना वाटतं की पन्नास हजारांत मिटतं. हिशेब सोपा आहे. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचा. या हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये केलेली आहे. पंचवीस वर्षांच्या माणसाचा आकडा २१६.९१. म्हणजे ७,५०० गुणिले २१६.९१, झाले १६,२६,८२५ रुपये. चाळिशीच्या माणसाचा आकडा १८४.१७, रक्कम १३,८१,२७५. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराचा निम्म्याऐवजी साठ टक्के भाग धरतात. बोटं, डोळा, पाय यांचे टक्के कायद्याच्या परिशिष्टात छापलेले आहेत. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के. माझ्या भाच्याचं गणित असं: १४,००० चे साठ टक्के ८,४००, त्याला २१९.९५ ने गुणलं की १८,४७,५८०, त्याचे वीस टक्के ३,६९,५१६ रुपये. दवाखान्याचा खर्च वेगळा, तोही मालकानेच द्यायचा. महिन्याच्या आत रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी भरत नाही. तो मालकाचाच.

भाच्याला मिळाले पंचवीस हजार. ही माझी दुसरी तक्रार, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जिव्हारी लागलेली. दवाखान्याचं बिल शहाऐंशी हजार झालेलं. डिस्चार्जच्या दिवशी रिसॉर्टचा मॅनेजर पाकीट आणि स्टॅम्प पेपर घेऊन आला. पेपरवर लिहिलं होतं की माझ्या चुकीने अपघात झाला, मला सर्व रक्कम मिळाली, पुढे काही मागणार नाही. ताईने अंगठा नाही, चांगली सही करून साक्षीदार म्हणून नाव घातलं, कारण बिल भरल्याशिवाय घरी सोडत नव्हते. भाच्याने डाव्या हाताने सही केली. मॅनेजरचा मला राग नाही, तोही पगारी माणूस. पण तुम्ही वकिलाला दोन हजार देऊन जो मजकूर करून घेता, त्याची किंमत कागदाइतकीसुद्धा नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार याच कायद्याच्या सतराव्या कलमाने रद्दबातल ठरतो. माणूस मेला असेल तर पैसे घरच्यांच्या हातात देऊनही मालक सुटत नाही, रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते. शिवाय मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर सात दिवसांत आयुक्तांना लेखी कळवायचं असतं. इतक्या वर्षांत मी तुमच्यापैकी किती जणांना असं कळवताना पाहिलं, ते लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

'त्याचीच चूक' यावरही दोन शब्द. कामगार दारू प्यायलेला असेल, किंवा त्याने मुद्दाम सुरक्षेची सोय काढून टाकली असेल, तर मालकाला बचाव आहे. तोसुद्धा मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर नाही. घाईत हात पुढे गेला, हा बचाव नव्हे. आणि इथे सुरक्षेची सोय कोणी काढली होती? व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आहे, तारीख आहे, खाली दोन निळ्या खुणा आहेत.

तिसरी गोष्ट आकड्यांची. तुमच्याकडे सोमवार ते गुरुवार बारा माणसं आणि शुक्रवार ते रविवार चाळीस, हे मला मान्य आहे, धंदाच तसा आहे. कोळवण, माले, ताम्हिणीच्या बाजूची पोरं कॉलेज सांभाळून शनिवार-रविवारी वाढपी म्हणून येतात. लग्न असलं की पौडहून बाया भांड्याला येतात. टँकरवाला, जनरेटरवाला, तंबू ठोकणारे, पवनेच्या काठी कयाक ओढून लावणारे, हे सगळे 'आपले नाहीत' असं तुम्ही म्हणता. रोजंदारीवर आहे एवढ्यावरून माणूस कायद्याबाहेर जात नाही. तुमच्या धंद्याच्या कामाला घेतला की तो तुमचा. पॉलिसीत मात्र तो नसतो, आणि जो असतो त्याचा पगार निम्मा लिहिलेला असतो. मग दावा आला की विमा कंपनीचा सर्व्हेअर हजेरीपट आणि प्रस्ताव शेजारी-शेजारी ठेवतो आणि कात्री लावतो. त्यावर तुम्ही म्हणता, विमा कंपन्या चोर आहेत. (कंपन्यांबद्दल माझ्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते दुसऱ्या पत्रात.)

किती वाचतं यातून? मी काढलेल्या अशा बहुतेक पॉलिसींचा खऱ्या माणसांवरचा, खऱ्या पगारावरचा वर्षाचा हप्ता तुमच्या लेक-व्ह्यू कॉटेजच्या दोन शनिवार-रविवारच्या भाड्यात बसतो. माणसं कमी दाखवून तुम्ही फार तर एक शनिवार-रविवार वाचवता. कॉटेजमधल्या बाथटबची किंमत मला विचारू नका, तिचाही विमा मीच काढलाय.

काही जण मला सांगतात, आम्ही सगळ्यांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून दिलाय. वर्षाला वीस रुपयांचा. चांगली योजना आहे, जरूर काढा. पण ती त्या माणसाची स्वतःची पॉलिसी झाली, तुमची जबाबदारी ती उचलत नाही. मृत्यूला दोन लाख, एक हात किंवा एक डोळा गेला तर एक लाख. दोन बोटांना शून्य. ज्यांची ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, खरी नोंद आहे त्यांचा प्रश्न वेगळा, त्यांची भरपाई तिकडून मिळते. 'खरी' या शब्दावर जोर आहे.

चौथी तक्रार रात्रीच्या रस्त्याची, आणि इथे कायदा नुकताच बदलला आहे, म्हणून नीट वाचा. तुमच्याकडचं जेवण रात्री साडेअकराला आवरतं. स्वयंपाकघर धुऊन पोरं साडेबाराला निघतात. पावसाळ्यात ताम्हिणीच्या तोंडाला धुकं एवढं की पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसला तरी नशीब. एका मोटरसायकलवर तिघे, चिखलाचा रस्ता, वर तुमच्याच पाहुण्यांच्या भरधाव गाड्या. आजवर असा अपघात झाला की 'ड्यूटी संपली होती' म्हणून हात झटकता येत होते, निदान झटकायचा प्रयत्न तरी करता येत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली. १९२३ च्या कायद्याची चौकट आता तिच्या सातव्या प्रकरणात आली आहे, आणि तिथे स्पष्ट लिहिलंय की घरून कामावर येताना किंवा काम संपवून घरी जाताना झालेला अपघात, त्याचा वेळ, जागा आणि नोकरीशी संबंध दिसत असेल, तर कामावरचाच अपघात धरायचा. म्हणजे साडेबारा वाजता पौडच्या वळणावर पडलेला तुमचा वाढपी तुमच्याच खात्यात आहे. अशा वर्षी तुम्ही विम्यातून अंग काढून घ्यायचं ठरवलंत! मला तर वाटतं त्या हॉलमध्ये कोणी हे वाचलेलंच नव्हतं.

परगावच्या मुलांबद्दल तुमचा एक समज आहे, तोही दूर करतो. उत्तराखंडचा कुक, ओडिशाचा हाऊसकीपिंगवाला, काही झालं की तिकीट काढून गावाला पाठवला की प्रश्न संपला, असं नाही. दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असं नाही. माणूस किंवा त्याच्या घरचे जिथे राहतात तिथल्या आयुक्तांकडेही करता येतो, आणि त्याला दोन वर्षांची मुदत असते. नोटीस तिकडून येईल. मग तारखांना तुम्ही जायचं.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं, लिहितोच. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ज्या धरणाविरुद्ध मुळशीकरांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाच्या पाण्याकडे तोंड करून तुमच्या कॉटेज उभ्या आहेत. पाणी दिसतं म्हणून भाडं जास्त. त्या पाण्याखाली ज्यांची भातखाचरं गेली त्यांचे पणतू आज तुमच्याकडे चादरी धुतात. यात तुमचा दोष नाही, धरण तुम्ही बांधलं नाही. पण तुमच्या माहितीपत्रकात 'स्थानिक संस्कृतीशी नातं' असं छापलेलं असतं आणि हुरडा पार्टीला त्यांच्यापैकीच कोणाला फेटा बांधून उभं करता, तेव्हा त्या नात्याचा हिशेब पॉलिसीतही दिसावा, एवढं म्हणायला मला मोकळीक असावी.

मागण्या साध्या आहेत.

तो निर्णय मागे घ्या आणि ज्या व्हॉट्सअ‍ॅपवर तो पाठवला होता तिथेच तसं कळवा.

हंगामाआधी प्रत्येकाने आपल्या पॉलिसीत खरी माणसं आणि खरे पगार लिहावेत. कायम, रोजंदारी, शनिवार-रविवारचे, कंत्राटदाराचे, सगळे. दवाखान्याच्या खर्चाचं वाढीव संरक्षण बहुतेक पॉलिसींत वेगळं मागून घ्यावं लागतं, ते घ्या. कंत्राटदाराकडून त्याच्या पॉलिसीची प्रत मागा, आणि तिच्यावर तुमच्या साइटचा पत्ता आणि चालू तारीख आहे का ते स्वतः बघा. मी नाही बघितलं, त्याचं फळ वर लिहिलं आहे.

कामाला घेताना प्रत्येकाला त्याचा भरपाईचा हक्क त्याला समजेल अशा भाषेत लेखी कळवणं २०१७ पासून मालकावर बंधनकारक झालं. न कळवल्यास पन्नास हजार ते एक लाख दंड ठरवला गेला. तेव्हा पॉलिसीचा क्रमांक, कंपनीचं नाव आणि अपघात झाला तर कोणाला फोन करायचा, हे मराठीत आणि हिंदीत लिहून स्टाफच्या जेवणाच्या जागी लावा. रिसेप्शनला नको, तिथे ते कोणी वाचायला उभं राहत नाही.

रात्री दहानंतर सुटणाऱ्यांना पौड, कामशेत, लोणावळ्यापर्यंत सोडायला गाडी द्या. चार रिसॉर्ट मिळून एक टेम्पो ट्रॅव्हलर केली तरी चालेल. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला ती आहेच.

स्टॅम्प पेपर बंद करा. अपघात झाला की कळवा, पैसे आयुक्तांकडे भरा, पावती घ्या.

आणि मशीनचे लॉक दुरुस्त करा. याला कायद्याचा दाखला द्यायची गरज नसावी.

भाच्याबद्दल वेगळी मेहेरबानी मागत नाही. त्याचा अर्ज मुदतीत दाखल झालेला आहे, हिशेब वर दिला आहे. संबंधित मालक हे वाचतील तेव्हा त्यांना कळेल. आता तो पौडमध्ये मोबाईलच्या दुकानात बसतो, महिना आठ हजारांवर. म्हणजे शेवटी मी पॉलिसीत लिहिलेला पगार त्याला मिळाला. ताई अजून माझ्याशी नीट बोलत नाही. रक्षाबंधनाला राखी बांधली, पण ओवाळून झाल्यावर नेहमीसारखं 'जेवून जा' म्हणाली नाही.

माझ्या धंद्यातल्या मित्रांनाही हे पत्र आहे. मालक म्हणतो म्हणून अकरा लिहू नका. हप्ता कमी झाला म्हणून तो दुसऱ्या एजंटकडे जाईल या भीतीने मी अठरा वर्षं लिहिलं. या वर्षी तीन मालक गेले माझ्याकडून. जाऊ देत.

शेवटी एक. ज्यांना आपली यादी दुरुस्त करायची आहे, त्यांच्यासाठी पावसाळा लागेपर्यंत दर मंगळवारी मी पौडला माझ्या घरीच दिवसभर बसतो आहे. चालू पॉलिसीतही माणसं वाढवता येतात, मुदत संपायची वाट बघावी लागत नाही. कमिशन सोडतो असं म्हणालो असतो, पण विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने गिऱ्हाइकाला कमिशनमधून सूट देणं मना आहे, आणि आता मला कुठलाच कायदा वाकवायचा नाही. येताना हजेरीपट आणा. पगारपत्रक नको. पगारपत्रकात कोण असतं ते मला ठाऊक आहे.

आपला,
पौडचा एक विमा प्रतिनिधी